वर्गातील स्वाध्याय आणि साहित्य-भाषेचा अभ्यास : अहिल्यानगर जिल्ह्यातील बोली व साहित्यकृतींच्या संदर्भात

प्रस्तावना :

मराठीत 'अभ्यास' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एखाद्या विषयाचे अध्ययन हा आज रूढ असलेला अर्थ आणि एकच कृती पुनःपुन्हा करून ती अंगवळणी पाडणे हा त्याचा जुना अर्थ. पहिलवानाची मेहनत, गवयाचा रियाज यांच्या जातीचा हा शब्द आहे. पदवी स्तरावर मराठी साहित्य शिकवताना या दुसऱ्या अर्थाचा आपल्याला विसर पडलेला दिसतो. प्राध्यापक विवेचन करतात, विद्यार्थी टिपणे घेतात आणि परीक्षेत तीच टिपणे परत येतात. उत्तरपत्रिका तपासताना 'प्रस्तुत कवितेत कवीने अतिशय समर्पक शब्दांत जीवनाचे वास्तव रेखाटले आहे' हे वाक्य इतक्या वेळा भेटते की, कविता कोणती आणि कवी कोण हे पाहण्याची गरजच उरत नाही.

वर्गात करून घेता येतील अशा लहान लहान स्वाध्यायांतून साहित्य आणि भाषा यांचा अभ्यास कसा साधता येतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. अशा स्वाध्यायासाठी एकच अट पुरेशी वाटते. त्याचे उत्तर बाजारातील गाइडमध्ये सापडता कामा नये. ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कानातून किंवा त्याच्यासमोरील पुस्तकाच्या पानातून मिळाले पाहिजे. येथील सर्व स्वाध्याय प्रस्तुत लेखकाने पदवीच्या वर्गात करून पाहिलेले आहेत. त्यांतील काही साधले, काही फसले. फसलेल्यांचाही उल्लेख पुढे केला आहे.

जिल्ह्याची भाषिक-वाङ्मयीन पार्श्वभूमी :

भाषा आणि साहित्याच्या शिक्षकाला हा जिल्हा म्हणजे तयार प्रयोगशाळाच आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती प्रवरेकाठच्या नेवासे येथे, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये. 'योगसंग्राम'कर्ते शेख महंमद श्रीगोंद्याचे, शाहीर अनंत फंदी संगमनेरचे. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरला सुरू झाले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण ज्या संस्थांत घेतले त्यांत नगर येथील मिस फरार यांची शाळा होती. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यातील महत्त्वाचा काळ नगर आणि राहुरी येथे गेला. दया पवार अकोले तालुक्यातील धामणगावचे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा यासाठी शासनाने २०१२ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रंगनाथ पठारे यांनी संगमनेरच्या महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केले. आणि तेही पदार्थविज्ञानाचे, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगितली की ते सावरून बसतात. तो दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला.

असे असूनही, याच जिल्ह्यातील विद्यार्थी मराठीच्या तासाला तोंड उघडण्यास कचरतो. आपण बोलतो ती भाषा 'अशुद्ध' आहे, हे शाळेत त्याच्या मनावर पक्के बिंबलेले असते. अभिजात भाषेचा वारसा सांगणाऱ्या या जिल्ह्यातील मुलाला स्वतःच्या घरातील मराठीची लाज वाटावी, ही अध्यापनाच्या दृष्टीने गंभीर बाब आहे. जो विद्यार्थी बोलत नाही त्याचे वाचनही कळत नाही आणि लेखनही सुधारता येत नाही.

एक फसलेला प्रयोग :

साहित्याच्या अध्यापनात वर्गातील स्वाध्यायाला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत केंब्रिज विद्यापीठातील आय. ए. रिचर्ड्स यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव व काळ न सांगता कविता दिल्या, लेखी अभिप्राय मागवले आणि त्या अभिप्रायांचे विश्लेषण १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात मांडले. सुशिक्षित वाचकही कवितेचा साधा वाच्यार्थ कसा चुकवतात, ठरीव प्रतिक्रिया कशा देतात, हे त्यातून पुढे आले.

एम. फिल. करताना या ग्रंथाने भारावून जाऊन (ती पदवीही आता बंद झाली) नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी हा प्रयोग वर्गात केला. एक अपरिचित कविता कवीच्या नावाशिवाय दिली. अर्ध्या वर्गाने मोबाइलवर कवीचे नाव शोधून काढले आणि उरलेल्या अर्ध्याने 'समर्पक शब्दांत' वगैरे लिहून दिले. चूक विद्यार्थ्यांची नव्हती. 'कविता कशी वाटली?' हा प्रश्नच असा होता की, त्याला पाठ केलेले उत्तर चालून जात होते.

त्यानंतर रिकाम्या जागांचा स्वाध्याय घेतला. मजकुरातील काही शब्द गाळायचे आणि वाचकाने ते भरायचे, ही पद्धत विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मजकुराची सुबोधता मोजण्यासाठी मांडली. कवितेसाठी ती थोडी बदलून घेतली. प्रत्येक कडव्यातील एकच शब्द गाळायचा. विद्यार्थ्याने स्वतःचा शब्द लिहायचा. मग कवीचा शब्द उघड करायचा आणि दोन्ही शब्दांत काय फरक पडला ते दोन वाक्यांत नोंदवायचे. येथे प्रथमच विद्यार्थी एकमेकांशी वाद घालू लागले. कवीच्या शब्दापेक्षा आपला शब्द चांगला आहे असे एकीने ठामपणे सांगितले. ती चुकत होती असे अजूनही मला म्हणवत नाही.

'इहीर' आणि 'येळ' : चुकांमागील नियम

भाषेच्या संदर्भात सर्वांत फलदायी ठरलेला स्वाध्याय मात्र एका अवघडलेल्या प्रसंगातून सुचला. प्रथम वर्षाच्या वर्गात एक विद्यार्थिनी उतारा वाचत असताना 'विहीर' या शब्दाऐवजी 'इहीर' म्हणाली. मागे कोणीतरी हसले. ती खाली बसली आणि पुढे कित्येक दिवस तिने वाचले नाही. शाळेत असताना याच शब्दासाठी मीही बाकावर उभा राहिलेलो असल्याने तो प्रसंग मनातून जाईना.

पुढील आठवड्यात वर्गाला एक काम दिले. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीच्या बोलण्यातील, पुस्तकापेक्षा वेगळे ऐकू येणारे शब्द जसे ऐकू येतात तसे लिहून आणायचे. 'चूक' हा शब्द वापरायचा नाही, एवढीच सूचना होती. फळ्यावर यादी वाढत गेली. विहीर-इहीर, विठ्ठल-इठ्ठल, विस्तव-इस्तू, वीज-ईज, वीट-ईट, विकत-इकत, विचार-इचार. दुसऱ्या रकान्यात वेळ-येळ, वेडा-येडा, वेगळा-येगळा, वेसण-येसन.

आता प्रश्न असा विचारला की, मग 'वाट'चे 'आट' का होत नाही? वावर, वखर, वाडा, वड हे शब्द तर आजी जसेच्या तसे म्हणते. वर्ग बराच वेळ शांत होता. उत्तर आले ते मागच्या बाकावरून. 'सर, इकार नाहीतर एकार असंल तरच व जातो.' हाच नियम आहे. 'व' उच्चारताना ओठांचे काम असते; 'इ' आणि 'ए' या स्वरांसाठी जीभ पुढे येते आणि ओठ फाकतात. त्या ओढीत 'व'मधील ओठांचा भाग सुटतो. 'ए'पूर्वी त्या जागी 'य' ऐकू येतो, 'इ'पूर्वी तोही स्वरात मिसळून जातो. 'आ' किंवा 'अ' यांच्यापूर्वी अशी ओढ नसल्याने 'वाट' सुरक्षित राहते.

एवढ्यावर विषय संपला असता. परंतु एका विद्यार्थ्याने आणखी एक यादी आणली. ओढा-वढा, ओटा-वटा, ओझे-वझं, ओळख-वळख; आणि त्याच कागदावर खाली एक-येक, एकर-येकर. म्हणजे आजी एकीकडे 'व' टाकून देते आणि दुसरीकडे नसलेला 'व' आणते. वरवर पाहता हा गोंधळ वाटतो. वस्तुतः सवय एकच आहे. ही बोली शब्दाच्या आरंभी नुसता 'ए' किंवा नुसता 'ओ' ठेवत नाही. पुढच्या स्वराला 'य'चा आणि मागच्या स्वराला 'व'चा आधार देते. हे ज्याने स्वतः शोधून काढले त्याला ध्वनिविचाराचे प्रकरण वेगळे शिकवावे लागले नाही.

अपवादांतूनही शिकता आले. 'विद्यार्थी'चे 'इद्यार्थी' कोणी म्हणत नाही, कारण तो शब्द शाळेतून घरात आलेला आहे. 'विमान' मात्र जुनी माणसे 'इमान' म्हणतात, तेव्हा आकाशातले इमान आणि माणसाच्या ठायी असायचे इमान यांत घोटाळा होत नाही का, असे एकाने विचारले. होत नाही, कारण संदर्भ अर्थ सांभाळतो. अनेकार्थी शब्दांचा पाठ त्या दिवशी असा हसण्यावारी झाला. आणखी एक निरीक्षण येथे नोंदवणे आवश्यक आहे. जुन्या मराठीत 'ऐकणे' हे क्रियापद 'आइकणे' असे येते. खेड्यातील 'आयका' हा उच्चार 'ऐका' या प्रमाण रूपापेक्षा त्या जुन्या रूपाला अधिक जवळचा आहे. तेव्हा जे बिघडलेले वाटते ते नेहमीच मागाहून बिघडलेले असते असे नाही.

याचा अर्थ परीक्षेत 'इहीर' लिहावे असा नव्हे. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे अठरा लेखननियम विद्यार्थ्याला आलेच पाहिजेत. परंतु नियम असलेली एक भाषा सोडून नियम असलेल्या दुसऱ्या भाषेकडे आपण जात आहोत, हे ज्याला कळते तो ते नियम लवकर शिकतो, असा अनुभव आहे. 'इहीर' म्हणणाऱ्या विद्यार्थिनीने तिच्या पणजीच्या शब्दांची वही केली. ती अद्याप विभागात आहे.

एक शब्द, अनेक जग :

दुसरा स्वाध्याय शब्दार्थाचा आहे. 'फड' हा शब्द फळ्यावर लिहावा आणि विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक वाक्य लिहिण्यास सांगावे. प्रवरा परिसरातील मुले उसाचा फड लिहितात. संगमनेरकडील मुलांना तमाशाचा फड आठवतो. कांताबाई सातारकर यांचे नाव अजून तेथे घरोघर आहे. ज्यांच्या घरी माळ आहे ते देहूकर, वासकर हे वारकऱ्यांचे फड सांगतात. कुस्तीची आवड असणारे कुस्त्यांचा फड लिहितात, जरी आपल्याकडे त्याला हगामा म्हणण्याचीच रीत अधिक आहे. माणसे एकत्र जमून जोमाने काही करतात ती जागा, असा समान धागा विद्यार्थी स्वतः काढतात. 'मग फडणीस?' असा प्रश्न हमखास येतो. त्याची व्युत्पत्ती सामान्यतः फारसी 'फर्द-नवीस' अशी दिली जाते, म्हणजे दिसण्यात साम्य असले तरी घराणे वेगळे. यानंतर मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडायला सांगावे. दोन्ही आता संगणकावर पाहता येतात. स्वतःचे वाक्य आधी लिहिलेले असल्यामुळे विद्यार्थी कोश उत्सुकतेने पाहतात. कोशात काय सुटले तेही शोधतात.

याच तासाला पाथर्डी तालुक्यातील एका विद्यार्थ्याने 'आमच्या घरचा एक कोयता कारखान्यावर आहे' असे वाक्य लिहिले. इतरांना वाटले, अवजार विसरून आले असतील. ऊसतोडीच्या व्यवहारात 'कोयता' म्हणजे तोडणी करणारे जोडपे. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. त्याचे आईवडील दिवाळीच्या सुमारास गेलेले होते. माणसाला अवजाराचे नाव देणाऱ्या या शब्दयोजनेला काव्यशास्त्रात लक्षणा म्हणतात, हे सांगणे शिक्षक म्हणून माझे काम होते आणि मी ते सांगितले. परंतु त्या दिवशी लक्षणेच्या व्याख्येपेक्षा वर्गाला दुसरेच काही अधिक कळले असावे.

'बलुतं' : शीर्षकापासून सर्वनामापर्यंत

भाषेच्या स्वाध्यायांचा साहित्यकृतीशी संबंध कसा जुळतो, याचे उदाहरण म्हणून दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) हे आत्मकथन घेतले. पहिला प्रश्न केवळ शीर्षकावर होता. 'बलुते' असे न लिहिता 'बलुतं' असे का लिहिले असावे? कथा-कादंबरीतील पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालताना एकारान्ताऐवजी अनुस्वारयुक्त रूप लिहिण्यास लेखननियमांनी मुभा दिली आहे. म्हणजे तो अनुस्वार पुस्तक उघडण्यापूर्वीच सांगतो की, हे बोललेले आहे, कोणीतरी कोणालातरी सांगत आहे. विद्यार्थ्यांनी दोन्ही रूपे मोठ्याने उच्चारून पाहिली. 'बलुते' हा महसुली दप्तरातील शब्द वाटतो आणि 'बलुतं' हा माणसाच्या तोंडचा, असे एकाने लिहिले.

दुसरा स्वाध्याय पुरुष बदलण्याचा. दया पवार आणि दगडू मारुती पवार ही एकच व्यक्ती. तरीही या पुस्तकात लिहिणारा सुशिक्षित दया आणि आपली कहाणी सांगणारा दगडू असे तिचे दोन भाग समोरासमोर येतात. विद्यार्थ्यांना स्वतःच्या लहानपणाचा एखादा प्रसंग आधी 'मी' वापरून आणि नंतर स्वतःचे नाव घेऊन, तृतीय पुरुषात लिहिण्यास सांगितले. फ्रेंच लेखक रेमों क्नो यांनी एकच क्षुल्लक प्रसंग नव्याण्णव प्रकारे सांगणारे पुस्तक १९४७ मध्ये लिहिले, त्याची ही छोटी आवृत्ती म्हणता येईल. बहुतेकांना दुसरे लेखन सोपे गेले. 'मी मार खाल्ला' असे लिहिताना हात अडखळतो. तेच स्वतःचे नाव घेऊन लिहिले की हात चालतो. आत्मकथनकाराने स्वतःला दोन व्यक्तींत का विभागले असावे, यावर त्यानंतर झालेली चर्चा कोणत्याही टिपणात मावणारी नव्हती.

आणि येथेच आधीच्या याद्या उपयोगी पडल्या. दलित आत्मकथनांत 'येसकर' हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ सांगण्यास मी सुरुवात करणार, तोच मागून आवाज आला, 'वेसकर, सर. वेस म्हणजे येस.' गावाच्या वेशीवर राखण करणारा, ज्याला वेशीच्या आत मात्र घर नव्हते, तो वेसकर. 'व' आणि 'य' यांच्या त्या यादीने एका शब्दाचा आणि त्यामागील व्यवस्थेचा दरवाजा उघडला. व्याकरण आणि साहित्य यांचे तास वेळापत्रकात वेगळे असतात. पण वाचणाऱ्याच्या मनात ते एकत्रच भरतात.

या पुस्तकाच्या निमित्ताने झालेली एक चूक नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. 'घरी जाऊन बलुत्याविषयी माहिती विचारा' असा स्वाध्याय मी सर्वांना दिला होता. ज्यांचे आजोबा बलुते देत होते आणि ज्यांचे आजोबा ते मागायला जात होते, ते विद्यार्थी एकाच बाकावर बसलेले असतात, याचा विचार केला नव्हता. एका विद्यार्थ्याने कोरा कागद दिला. मी कारण विचारले नाही आणि तेच योग्य झाले असे वाटते. तेव्हापासून हा स्वाध्याय ऐच्छिक ठेवला आहे आणि घरातील माहिती वर्गात वाचून दाखवण्याची सक्ती नाही. भाषा घरातून येते, तेव्हा तिच्याबरोबर घरही येते. शिक्षकाने कोणता दरवाजा वाजवावा याला मर्यादा असते.

व्यवहारातील काही अडचणी :

अशा स्वाध्यायांना वेळ लागतो, हा पहिला आक्षेप रास्त आहे. सत्राचे तास मोजके, अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे बंधन आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण ठरलेल्या नमुन्यात भरावयाचे. यावर माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. तासाची शेवटची दहा मिनिटे एका प्रश्नाला द्यावयाची आणि तोच कागद अंतर्गत गुणांसाठी धरावयाचा, एवढी तडजोड करता आली.

शालेय स्तरावर प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, हे स्वागतार्ह आहे. परंतु 'आकृती पूर्ण करा' या कृतीत उताऱ्यातील चार शब्द उचलून चार चौकटींत ठेवले की काम भागते. उतारा न वाचताही ते करता येते. कृतीचे रूप आले म्हणून तिच्यात विचार आला असे होत नाही. आता तर कोणत्याही कवितेचे रसग्रहण मोबाइलमधील कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात लिहून देते, आणि गाइडपेक्षा बऱ्या मराठीत देते. विद्यार्थी ते उतरवून आणतात. ओळखू येते, पण सिद्ध करता येत नाही. त्यावर पहारा ठेवण्यापेक्षा प्रश्न बदलणे अधिक सोयीचे आहे. स्वतःची आजी 'ओवी'ला काय म्हणते, हे यंत्राला विचारून कळत नाही. जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात संकलित झाल्या, त्याही गावोगाव जाऊन बायांच्या तोंडून ऐकूनच.

येत्या सत्रात 'स्मृतिचित्रे' घेण्याचा विचार आहे. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर लिहावाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंचे हे लेखन १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. त्यातील एक परिच्छेद विद्यार्थ्यांनी प्रौढ ग्रांथिक मराठीत, म्हणजे साधारणपणे या लेखाच्या भाषेत, लिहून आणावयाचा आणि विनोद नेमका कोणत्या शब्दापाशी नाहीसा झाला त्यावर खूण करावयाची, असा स्वाध्याय योजला आहे. नमुना म्हणून तो परिच्छेद मी स्वतः लिहून पाहिला. माझ्या कागदावर पहिल्याच ओळीत खूण करावी लागली.